भाषेची चळवळ आणि नळाचे पाणी

मराठी संस्थांच्या बैठकांना गेली पंचवीस-तीस वर्षे आम्ही जात आहोत. हैदराबाद असो, बिदर असो वा निपाणी, एक वाक्य सर्वत्र ठरलेले असते : "लोक येत नाहीत." नाट्यप्रयोगाला लोक येतात, गणेशोत्सवाला येतात, कोजागरीला तर खुर्च्या कमी पडतात, परंतु जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावयाचे म्हटले, की निवेदन लिहिणारा, ते टंकून आणणारा आणि छायाचित्र काढणारा एवढेच काय ते उरतात. मग निदानही ठरलेलेच असते. मराठी माणसाला भाषेचा अभिमान राहिला नाही, असे म्हणून बैठक चहापानाकडे वळते.

हे निदान आम्हांस मान्य नाही. अभिमान नसता तर कोजागरीलाही कोणी आले नसते. जे निवेदन आपण घेऊन जातो त्यात त्या माणसाच्या घरचे, शेताचे, मुलांचे असे काय असते, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. तो विचारला म्हणजे काय दिसते, हे पाहण्यासाठी आम्ही प्रथम बरेच दूर, युरोपात जाणार आहोत. वाचकांनी थोडा धीर धरावा. परत यावयाचे ते धर्माबाद आणि भैंसा येथेच.

युरोपीय संघाची संसद १९७९ साली प्रथम थेट मतदानाने निवडली गेली. त्या वेळी सुमारे ६२ टक्के मतदान झाले. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत हा आकडा उतरत गेला आणि २०१४ साली ४२.६ टक्क्यांवर येऊन ठेपला. गंमत अशी, की याच काळात त्या संसदेचे अधिकार वाढत होते. अधिकार वाढत होते आणि मतदार दुरावत होता. संघाचे पुढारी भाषणे करीत ती शांततेची, ऐक्याची, युरोपीय वारशाची. आपल्या घरातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीचा निर्णय ब्रुसेल्समध्ये होतो, हे मात्र नागरिकाला कोणी सांगत नव्हते. २०१९ साली मतदान पुन्हा पन्नास टक्क्यांच्या वर गेले. त्याची कारणे अनेक सांगितली जातात आणि त्या वादात शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही.

आमचे लक्ष वेधून घेतले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. १ एप्रिल २०१२ पासून युरोपीय संघात नागरिकांच्या पुढाकाराचा एक कायदा लागू झाला. निदान सात सदस्य-राष्ट्रांतून मिळून दहा लाख स्वाक्षऱ्या जमल्या, तर आयोगाला त्या मागणीची औपचारिक दखल घ्यावी लागते आणि काय करणार अथवा का करणार नाही, हे सकारण लेखी सांगावे लागते. कायदा करण्याचे बंधन आयोगावर नाही. उत्तर देण्याचे आहे. वकिलाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. त्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

या कायद्याखाली आवश्यक स्वाक्षऱ्यांचा टप्पा सर्वप्रथम कोणत्या मागणीने गाठला? पिण्याच्या पाण्याच्या. पाणी ही बाजारात विकावयाची वस्तू नसून तो माणसाचा हक्क आहे, असे म्हणणारी ही मोहीम सार्वजनिक सेवांतील कामगारांच्या संघटनांनी उभी केली. सोळा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या ग्राह्य ठरल्या. त्यांतला सर्वांत मोठा वाटा एकट्या जर्मनीचा होता. मोहीम चालू असतानाच, २०१३ साली, सार्वजनिक सेवांच्या ठेक्यांविषयी जो नवा निर्देश तयार होत होता त्यातून पाणीपुरवठा वगळण्यात आला. पुढे पिण्याच्या पाण्याविषयीचा सुधारित निर्देश २०२० च्या अखेरीस संमत झाला. मोहिमेची मूळ मागणी त्याने पूर्ण झाली असे तिचे पुरस्कर्तेही म्हणत नाहीत. तरीही ज्या माणसाला युरोपीय आयोगाच्या अध्यक्षाचे नाव सांगता आले नसते, त्याने नळाच्या पाण्यासाठी त्या आयोगाला उद्देशून स्वाक्षरी केली, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरे उदाहरण घड्याळाचे. युरोपात वर्षातून दोनदा घड्याळे तासाने पुढे-मागे करतात. ही पद्धत बंद करावी काय, असे आयोगाने २०१८ च्या उन्हाळ्यात लोकांना विचारले. सुमारे ४६ लाख उत्तरे आली. त्यांतील ८४ टक्के लोकांनी पद्धत बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. संसदेने मार्च २०१९ मध्ये तसा ठरावही केला. त्यानंतर प्रकरण सदस्य-राष्ट्रांच्या परिषदेत जे अडकले ते अडकलेच. दूध काढण्याच्या वेळा, मुलांची झोप, सकाळची पाळी यांच्याशी जोडलेला हा प्रश्न; म्हणून उत्तरे लाखांनी आली. आणि उत्तरे देऊनही काही झाले नाही म्हणून लोक चिडले, हेही तितकेच खरे. लोकांना विचारणे सोपे असते. विचारल्यानंतर जबाबदारी येते.

तिसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे आणि ते कडू आहे. युरोपातील भाषिक अल्पसंख्याकांनी आपल्या भाषांच्या संरक्षणासाठी असाच पुढाकार आरंभिला. आयोगाने २०१३ साली त्याची नोंदणीच नाकारली. मंडळी न्यायालयात गेली. ३ फेब्रुवारी २०१७ रोजी न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला, तो नकाराची पुरेशी कारणे दिली नाहीत म्हणून. त्यानंतर नोंदणी झाली, अकरा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या ग्राह्य ठरल्या, युरोपीय संसदेने मोठ्या बहुमताने पाठिंबा दिला आणि जानेवारी २०२१ मध्ये आयोगाने सांगितले, की नव्या कायद्याची आवश्यकता नाही. आहेत ते उपाय पुरेसे आहेत. बेळगावच्या आमच्या मित्रांना हे वाक्य ओळखीचे वाटेल.

आता ही तीन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावे. पाण्याची मोहीम अर्धी यशस्वी झाली, घड्याळाची अडकली, भाषेची नाकारली गेली. यावरून भाषेचा प्रश्न सोडून पाण्याच्या मागे लागावे, असा अर्थ कोणी काढील तर तो उतावीळपणा होईल. आम्हांस दिसते ते असे. पाण्याच्या मोहिमेमागे जे लोक होते, ते पाणी रोज वापरणारे होते. त्यांना पाण्याचे महत्त्व समजावून सांगावे लागले नाही. भाषेच्या मोहिमेत जे अकरा लाख होते त्यांचा फार मोठा भाग हंगेरी आणि रुमानियातील हंगेरीभाषकांचा होता, म्हणजे ज्यांना हा प्रश्न आधीच पटलेला होता त्यांचा. पटलेल्यांची स्वाक्षरी घेणे आणि न पटलेल्याला आपल्यात ओढणे, यांत अंतर आहे. आपल्याकडील भाषिक चळवळीही वर्षानुवर्षे पटलेल्यांच्याच स्वाक्षऱ्या घेत आल्या आहेत.

आता हैदराबादेत यावे. आम्ही सांगणार आहोत तो प्रसंग आपल्या संस्थांच्या स्मरणिकांत सहसा सापडत नाही, कारण त्यात आपली शोभा नाही.

नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेतील विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात निजाम राज्याची सामाजिक परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. भाषणे इंग्रजीत, उर्दूत, मराठीत झाली. अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे एक वकील ठरावावर तेलुगूत बोलावयास उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या वाजवून, आरडाओरडा करून त्यांना खाली बसविले. हे करण्यात मराठी मंडळींचा पुढाकार होता. ज्या राज्यात निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगूभाषक आणि सुमारे चौथा हिस्सा मराठीभाषक, त्या राज्याच्या राजधानीत, समाजसुधारणेच्या परिषदेत हे घडले. उर्दूच्या वर्चस्वाची तक्रार करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी त्या सायंकाळी स्वतः काय केले, याचा विचार आपण करावयास हवा.

त्या अपमानातून तेलुगू मंडळींची आंध्र जनसंघम् ही संस्था जन्मास आली. इथवरची कथा तेलंगणात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आमच्या विषयाशी संबंध आहे तो त्यानंतरच्या भागाचा. अपमानातून जन्मलेल्या संस्था बहुधा अपमान कुरवाळीत बसतात. या संस्थेने तसे केले नाही. माडपाटी हनुमंतराव हे तिचे प्रमुख कार्यकर्ते, तेही वकीलच. ग्रंथालये, तेलुगू शाळा ही कामे तर त्यांनी केलीच. पण त्याबरोबर वेठबिगारीचा प्रश्न हाती घेतला. दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्याचे सामान कोणी वाहावे, त्याच्या घोड्याला चंदी कोणी द्यावी, दुकानदाराने त्याला जिन्नस फुकट का द्यावे, धोब्याने, न्हाव्याने, कुंभाराने, चांभाराने बिनपैशाची सेवा का करावी? याविषयीचे सरकारी नियम काय आहेत, हे जनसंघम्‌ने लोकांना त्यांच्या भाषेत, लहान लहान पुस्तिका छापून सांगितले. पुढे १९२६ पासून सुरवरम् प्रतापरेड्डी यांच्या 'गोलकोंडा पत्रिके'ने तेच काम केले. १९३० साली जोगीपेठ येथे आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरले.

भाषेचा अभिमान वाढविण्यासाठी त्या पुस्तिका छापल्या नव्हत्या. तरी तेलुगू अक्षरे ज्या झोपडीत कधी पोहोचली नव्हती, तेथे ती वेठबिगारीच्या पुस्तिकेच्या रूपाने पोहोचली. कोणी एक साक्षर माणूस पारावर बसून वाची आणि दहाजण ऐकत. राज्यात सभा भरवावयाची तर 'गश्ती निशाण ५३' आडवे येई. आधी परवानगी घ्यावी लागे. तरीही एका भाषिक संस्थेचे वीस-पंचवीस वर्षांत जनआंदोलन झाले. १९४४ च्या भोनगीर अधिवेशनात ती रावी नारायणरेड्डी आणि त्यांच्या साम्यवादी सहकाऱ्यांच्या हाती गेली, मवाळ मंडळी बाहेर पडली, आणि १९४६ पासून तेलंगणात जे पेटले ते सर्वश्रुत आहे. त्या लढ्याच्या मार्गाविषयी आमचे मतभेद आहेत. पण लोक का आले, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

मराठी बाजूला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. ती मंडळी थोर होती, त्यागी होती. परंतु आरंभीची परिषद ही वकील, शिक्षक आणि सुशिक्षित मध्यमवर्ग यांचीच राहिली. मराठवाड्यातला शेतकरी हलला तो लेव्हीच्या धान्यावरून आणि करोडगिरीच्या नाक्यांवरून. १९४७-४८ च्या लढ्यात नाके का फोडले गेले? राज्याच्या सीमेवर प्रत्येक गाडीमागे जकात भरणाऱ्या माणसाला जबाबदार राज्यपद्धती म्हणजे काय, हे त्या नाक्यावरच कळले होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाचे मोठेपण आम्हांस यातही दिसते, की शाळेतून निघालेला हा माणूस नाक्यापर्यंत गेला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. राज्य पुनर्रचना अधिनियमाचे तिसरे कलम आम्ही अनेकदा वाचतो. इतकी कोरडी भाषा आणि इतक्या माणसांचे भवितव्य, असा तो मजकूर आहे. नांदेड जिल्ह्यातील देगलूर तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले, मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कले आंध्र प्रदेशात गेली. आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके, तसेच बोथ तालुक्याचे इस्लापूर सर्कल इकडे आले. तालुके मोडून सर्कलांपर्यंत वाटणी झाली. मुधोळच्या बाजूचा भाग तिकडे गेला, धर्माबादकडचा नांदेडात राहिला. सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात, अशी हजारो घरे या रेषेने निर्माण केली.

त्याच धर्माबाद तालुक्यातील अनेक गावांच्या सरपंचांनी २०१८ साली मागणी केली, की आम्हांस तेलंगणात घ्या. मराठी माणसे, मराठी गावे, आणि मागणी महाराष्ट्र सोडण्याची! मुंबई-पुण्याच्या काही मंडळींना तेव्हा धक्का बसला. त्यांनी भाषाद्रोह वगैरे शब्द वापरले. आम्हांस धक्का बसला नाही, कारण नदीपलीकडच्या शेताच्या बांधावर काय बोलले जात होते ते आम्ही ऐकत होतो. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू झाली होती. मे महिन्यात 'रयतु बंधू' योजना सुरू झाली; एकरी चार हजार रुपये, वर्षातून दोन हंगामांना. बांधाच्या या बाजूच्या शेतकऱ्याची मेहुणी त्या बाजूला. तिच्या खात्यावर रक्कम जमा झाल्याचा निरोप तिच्या मोबाइलवर आलेला त्याने स्वतः पाहिला. त्याला आणखी कोणता प्रचार हवा होता?

त्यात बाभळीचे दुःख होतेच. गोदावरीवर धर्माबाद तालुक्यात महाराष्ट्राने बाभळी बंधारा बांधला. त्याची क्षमता २.७४ अब्ज घनफूट. आंध्रने हरकत घेतली, २०१० साली चंद्राबाबू नायडू बंधाऱ्याकडे निघाले असता त्यांना धर्माबादेत अटक झाली, आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : बंधारा राहील, परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे राहतील आणि १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे लागेल. न्यायालयाने दोन्ही राज्यांचे हक्क तोलून निकाल दिला आणि कायदा म्हणून तो आम्हांस योग्यच वाटतो. पण नदीकाठच्या शेतकऱ्याला दिसते ते एवढेच, की पाऊस पडतो त्या चार महिन्यांत दरवाजे उघडे असतात, आणि दरवाजे बंद होतात तेव्हा नदीत पाणी येईलच याची खात्री नसते. त्याच्या उशाशी बंधारा आहे आणि त्याचा पंप कोरडा आहे.

या लोकांना खरोखरच तेलंगणात जावयाचे होते काय? काहींना होतेही. पण आमच्या मते तो ठराव म्हणजे एक अर्ज होता. रस्ता, वीज, पाणी असे लिहून अनेक अर्ज आधी गेले असतील. त्यांवर आवक क्रमांक पडला असेल आणि पुढे काही झाले नसेल. 'सीमा' हा शब्द लिहिला की मुंबई जागी होते, हे त्यांनी ओळखले. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याने हेच आधी ओळखले होते. पाणी नसेल तर कर्नाटकात जातो, असा ठराव तेथील ग्रामपंचायतींनी केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचा हवाला देऊन जतच्या गावांवर हक्क सांगताच म्हैसाळ योजनेच्या विस्ताराला जी गती आली, ती दहा वर्षांच्या निवेदनांनी आली नव्हती. नागरिकाने शासनाशी बोलण्याचा मार्ग राज्य सोडण्याच्या धमकीतून जावा, ही कोणत्याही लोकशाहीला भूषणावह गोष्ट नव्हे. पण यात दोष धमकी देणाऱ्याचा किती आणि धमकीवाचून न ऐकणाऱ्याचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

मग या असंतोषाचे पुढे काय झाले? ५ फेब्रुवारी २०२३ रोजी भारत राष्ट्र समितीने नांदेडला मोठी सभा घेतली. शेतकऱ्यांचे सरकार आणू, अशी घोषणा झाली, आजी-माजी पुढारी पक्षात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेलंगणातली सत्ता गेली आणि महाराष्ट्रातला तो पक्ष उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा आटला. लोकांचा प्रश्न खरा होता, पण तो ज्याने उचलला त्याच्याबरोबर तो वाहून गेला. गावात मागे कोणती समिती राहिली नाही, नोंदवही राहिली नाही. आमचा आक्षेप आहे तो इथे. लोकांना भिडणारा प्रश्न हाती घेणे पुरेसे नाही. १९२१ नंतर जनसंघम्‌ने ग्रंथालये उभी केली होती, पुस्तिका छापल्या होत्या. अधिवेशन उठले तरी गावात काही उरत होते.

आता कायद्याकडे येऊ. तो आमचा धंदा आहे आणि तेथे बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे.

आपल्या संविधानाचा ३५० वा अनुच्छेद सांगतो, की प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघाच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. भैंसा-मुधोळात, जुक्कलमध्ये, हैदराबादेतही मराठी वापरली जाते. तेव्हा मराठीतला अर्ज केवळ भाषेच्या कारणावरून नाकारता येत नाही. मात्र या अनुच्छेदात उत्तराच्या भाषेविषयी एक अक्षरही नाही. युरोपीय संघाच्या तहात, उलटपक्षी, नागरिकाने चोवीस अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत संघाच्या संस्थांना लिहावे आणि त्याच भाषेत उत्तर मिळवावे, असा स्पष्ट हक्क आहे. माल्टाची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या शहराइतकीही नाही, पण माल्टी भाषेत लिहिणाऱ्याला माल्टीत उत्तर मिळते. आपल्याकडे प्रश्न मराठीत विचारता येतो. उत्तर कोणत्या भाषेत येईल ते नशिबावर.

न्यायालयांनी ही उणीव थोडीफार भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे. मदुराईचे खासदार सु. वेंकटेशन यांनी केंद्राला इंग्रजीत पत्र लिहिले, उत्तर हिंदीत आले. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने सांगितले, की निवेदन ज्या इंग्रजीत आले त्याच इंग्रजीत उत्तर देणे केंद्राचे कर्तव्य आहे, आणि ते सांगताना ३५० व्या अनुच्छेदाचा आधार घेतला. त्याआधी ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा आठव्या अनुसूचीतील बावीसही भाषांत प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. खाण आपल्या गावात येणार आणि तिचे नियम आपल्याला न कळणाऱ्या भाषेत असणार, हे न्यायालयाला पटले नाही. केंद्राने तो आदेश मनापासून स्वीकारला नाही, हे खरे; पण त्या मसुद्यावर देशभरातून लाखो हरकती गेल्या. भाषेचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न एकाच अर्जात कसे बसतात, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे आठवत नाही.

एक सावधगिरीही सांगतो, कारण कार्यकर्ते येथे चुकतात. माहितीच्या अधिकाराखालील अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावा लागतो. तेलंगणाच्या राजभाषा तेलुगू आणि उर्दू. तेव्हा तेथे मराठीतला माहिती-अर्ज परत आला तर आरडाओरडा करून उपयोग नाही. कायदा तसाच आहे. गाऱ्हाण्याचा अर्ज निराळा. तो मराठीत द्यावा, आणि सोबत तेलुगू प्रत जोडावी. यात कमीपणा कसला? समोरच्या लिपिकाला अर्ज वाचता यावा ही आपलीच गरज आहे, आणि ज्या तेलुगू वकिलाला आपण १९२१ साली खाली बसविले त्याच्या भाषेत दोन ओळी लिहिणे हे तसे थोडे उशिराच घडते आहे. तेलंगणात शाळेत तेलुगू अनिवार्य करणारा कायदा २०१८ साली झाला, महाराष्ट्रात मराठीविषयीचा २०२० साली. जो न्याय आपण पुण्यात मागतो तो हैदराबादेत नाकारता येणार नाही, आणि जो बेळगावात मागतो तो नांदेडमधील तेलुगू कुटुंबालाही द्यावा लागेल.

काही मित्र म्हणतात, की असे केल्याने सीमाप्रश्नाची नगरपालिका होईल. बेळगाव, कारवार, बिदर, भालकी ही नावे जाऊन गटारे आणि दिवे उरतील. ही भीती पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा २००४ सालचा दावा कोणत्याही गटाराने निकाली निघणार नाही. पण त्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत माणसे जगणारच आहेत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटक शासनाने केवढी हरकत घेतली! रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोहोचणाऱ्या योजनेत घोषणेपेक्षा जास्त बळ आहे, हे प्रतिपक्षाने आपल्याआधी ओळखले. जिवती आणि केरामेरी यांच्या सीमेवरची गावे तर दोन्ही राज्यांची शिधापत्रिका बाळगतात, दोन्हीकडे मतदान करतात. त्यांना नैतिक उपदेश करावयास अनेकजण जातात. दोन राज्यांनी मिळून त्यांना जमिनीचा एक निर्विवाद कागद अजून दिलेला नाही, हे उपदेश करणाऱ्यांना सुचत नाही.

तेलंगणात दर सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयांत 'प्रजावाणी' असते. महाराष्ट्रात महिन्याच्या पहिल्या सोमवारी 'लोकशाही दिन'. आमची सूचना एवढीच आहे, की सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी संस्थांनी या सोमवारांवर आपला ताबा ठेवावा. संस्थेच्या कार्यालयात एक साधी नोंदवही असावी : अर्जदाराचे नाव, गाव, प्रश्न, अर्जाची तारीख, आवक क्रमांक, उत्तराची तारीख, उत्तराची भाषा. शेवटचा रकाना विसरू नये. पट्टादार पासबुकात मराठी नाव तेलुगू लिपीत चुकीचे उतरले म्हणून कर्ज अडलेला शेतकरी, मराठी माध्यमाच्या वर्गाला शिक्षक नाही म्हणून मुलगी घरी बसलेली आई, प्राथमिक आरोग्य केंद्रातला सूचनाफलक वाचता न येणारा म्हातारा, नळाला चार दिवसांनी पाणी येते म्हणून चिडलेला भाडेकरू. यांपैकी कोणालाही भाषाभिमानावर व्याख्यान देऊ नये. त्याचा अर्ज लिहून द्यावा, त्याच्यासोबत रांगेत उभे राहावे आणि पोच घ्यावी.

अशा दोनशे-तीनशे नोंदी जमल्या, की त्यांतील उत्तराच्या भाषेचा रकाना घेऊन भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जाता येते. ३५०-ख अनुच्छेदाखालचे हे पद १९५७ पासून अस्तित्वात आहे. जेथे अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण पंधरा टक्के वा अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे सूत्र १९६१ सालच्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेपासून कागदावर आहे. आयुक्तांच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, पण तीनशे आवक क्रमांक जोडलेली तक्रार आणि 'आमच्यावर अन्याय होतो' असे मोघम निवेदन यांत, उच्च न्यायालयात रिट दाखल करण्याची वेळ आली तर, किती फरक पडतो हे कोणत्याही वकिलाला विचारावे. नोंदवहीचा नमुना आम्ही तयार केला आहे; एका पानावर मावतो. भैंसा आणि धर्माबाद येथील मंडळींनी येत्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे बाभळीचे दरवाजे १ जुलैला उघडण्याआधी, पहिले पान भरावयास घ्यावे. नदीकाठच्या पंपांची संख्या, त्यांतील चालू किती, कोरडे किती आणि कोणत्या महिन्यात कोरडे पडले, एवढे लिहिले तरी पहिले पान भरेल.